ट्रायला खुले पत्र : समान नेटचा नियम वावरात मोजा

प्रति,
अध्यक्ष आणि सदस्य,
भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण, नवी दिल्ली

प्रत माहितीसाठी : दूरसंचार विभाग, तसेच विदर्भातील दहाही खासदार

सप्रेम नमस्कार.

८ फेब्रुवारी २०१६ रोजी आपण एक नियम केला. मजकूर कोणता आहे हे पाहून डेटाचा दर कमी-जास्त करायचा नाही. व्हिडिओ असो, सातबारा असो की कापसाचा भाव, एका एमबीला एकच दर. नियम मोडला तर दिवसाला ५० हजार रुपये आणि जास्तीत जास्त ५० लाख रुपये दंड. पुढे जुलै २०१८ मध्ये दूरसंचार विभागाने दुसरी बाजू बांधली : परवानाधारक कंपनीने कोणतेही संकेतस्थळ किंवा ॲप अडवायचे नाही, मंद करायचे नाही, कुणाला खास वेगही द्यायचा नाही. ‘नेट न्यूट्रॅलिटी’चे, म्हणजे समान नेटचे, हे नियम सहज मिळालेले नाहीत. २०१५ मध्ये आपल्या सल्लापत्रावर लोकांनी दहा लाखांहून जास्त ईमेल पाठवले, तेव्हा कुठे वारे फिरले.

ते सैल करण्याची मागणी मात्र दर दोन-तीन वर्षांनी नवे नाव घेऊन परत येते. कधी मोठ्या ॲपवर ‘नेटवर्क फी’, कधी फाइव्ह-जीवर ‘वेगळी वाट’, कधी ‘निवडक बंदी’. विदर्भाच्या खेड्यांत आपले सरकार केंद्रे चालवणारे, फायबर जोडणारे आणि टॉवरची देखभाल करणारे आम्ही लोक. आमचे म्हणणे असे : जिथे एकाच कंपनीची रेंज येते, तिथे ग्राहकाजवळ या नियमाशिवाय दुसरे काहीही नाही. म्हणून तो सैल करू नका. आणि तो पाळला जातो की नाही, हे टॉवर-टॉवरवर मोजा.

नियम नको म्हणणाऱ्यांचा सगळा भर स्पर्धेवर असतो. कंपनीने ॲप मंद केले तर ग्राहक दुसरीकडे जाईल, म्हणून कंपनी तसे करणारच नाही, असा तो युक्तिवाद. नागपूरच्या सीताबर्डीत तो चालेल. तिथे एका दुकानातून बाहेर पडेपर्यंत सिम बदलून मिळते. धारणी-चिखलदऱ्याच्या डोंगरात, एटापल्ली-भामरागडच्या जंगलात, झरी जामणीच्या आतल्या पोडांवर (कोलामांच्या वस्त्यांवर) माणूस नंबर पोर्ट करून जाणार कुठे? खेड्यांत रेंजच नाही हे सरकारनेही मान्य केलेले आहे. जुलै २०२२ मध्ये देशातल्या २४,६८० गावांत फोर-जी पोचवण्यासाठी २६,३१६ कोटी रुपये मंजूर झाले, ते त्याचसाठी. अशा गावात पहिला टॉवर उभा राहतो तेव्हा तोच एकटा असतो, आणि पुढची बरीच वर्षे एकटाच राहतो.

आता टॉवरच्या आतले गणित सांगतो, कारण दिल्लीतल्या चर्चेत ते क्वचितच येते.

खेड्यातल्या टॉवरला बहुधा तीन दिशांना अँटेना असतात. एका दिशेच्या भागाला सेक्टर म्हणतात. फोर-जीचा १० मेगाहर्ट्झचा पट्टा असेल, तर कागदावर एका सेक्टरमधून ७५ एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला ७५ मेगाबिट, निघतात. प्रत्यक्षात १५ ते २० मिळाले तरी चांगले म्हणायचे. कारण टॉवरपाशी बसलेल्या माणसाला एक एमबी द्यायला जितका वेळ लागतो, त्याच्या कितीतरी पट वेळ चार-पाच किलोमीटरवरच्या वावरातल्या फोनला तोच एमबी द्यायला लागतो. सिग्नल जितका क्षीण, तितका टॉवरचा वेळ जास्त खर्ची पडतो, आणि तो सगळ्यांच्या वाट्यातून जातो. त्यातच अनेक टॉवर फायबरने नाही तर मायक्रोवेव्हच्या तबकडीने पुढच्या टॉवरला जोडलेले असतात. मागची वाटच अरुंद असली की समोरची अँटेना कितीही चांगली असून उपयोग नाही.

रात्री आठ ते दहा या वेळात एका सेक्टरवर ६० फोन एकदम चालू असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला साधारण २५० ते ३३० केबीपीएस येतात (हजार केबीपीएस म्हणजे एक एमबीपीएस). ३६० दर्जाचा व्हिडिओ न अडकता चालायला ७०० केबीपीएसच्या आसपास लागतात. म्हणून रात्री पडद्यावर गोल फिरत राहतो. यात कुणाचा भेदभाव नाही, ही गर्दी आहे. पण याच ६० पैकी १० जणांनी महाग प्लॅन घेतला आणि त्यांना आधी ७००-७०० केबीपीएस द्यायचे ठरले, तर सात एमबीपीएस तिथेच गेले. उरलेल्या ५० जणांना १६० ते २६० केबीपीएस. नवा टॉवर नाही, नवा पट्टा नाही. एकाच्या ताटातले काढून दुसऱ्याला वाढले, एवढेच झाले. जुलै २०२० मध्ये दोन कंपन्यांच्या अशा प्राधान्याच्या प्लॅनवर आपणच प्रश्न विचारले होते आणि ते थांबवायला सांगितले होते. तेव्हा बरोबर प्रश्न विचारला होतात : बाकीच्यांचे काय होणार? फाइव्ह-जीच्या ‘स्लाइस’लाही तोच प्रश्न विचारा.

स्लाइस म्हणजे टॉवरच्या त्याच क्षमतेचा एक हिस्सा ठरावीक कामासाठी बाजूला काढणे. त्याला आमचा सरसकट विरोध नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातून जिल्हा रुग्णालयाच्या डॉक्टरशी व्हिडिओवर बोलायला खात्रीची वाट हवीच. आपल्या २०१७ च्या शिफारशींत अशा विशेष सेवांना जागा आहे, दोन अटींवर : ती सेवा साध्या इंटरनेटला पर्याय म्हणून विकायची नाही, आणि साध्या इंटरनेटच्या दर्जाला धक्का लावायचा नाही. दुसरी अट फार चांगली आहे, पण ती मोजल्याशिवाय कळणार कशी? स्लाइस सुरू करण्याआधी त्याच सेक्टरवरचा रात्री नऊचा साध्या नेटचा वेग ३० दिवस नोंदवा. सुरू केल्यावर पुन्हा ३० दिवस नोंदवा. दोन्ही आकडे जाहीर करा. वेग घसरला तर स्लाइस आपोआप लहान व्हावी, तक्रारीची वाट पाहू नये.

आता फुकटच्या नेटचा मुद्दा. ‘गरिबाला चार ॲप फुकट मिळत असतील तर तुम्ही का आडवे येता?’ हे खेड्यातही विचारले जाते आणि मनापासून विचारले जाते, म्हणून नीट उत्तर देतो.

प्रीपेड पॅकमध्ये दिवसाला दीड किंवा दोन जीबी असतात. ते संपले की वेग बहुतेक पॅकमध्ये ६४ केबीपीएसवर येतो. ६४ केबीपीएस म्हणजे सेकंदाला ८ किलोबाइट, कारण आठ बिटांचा एक बाइट. एक एमबीचा फोटो चढवायला दोन मिनिटांहून जास्त, तीन एमबीच्या फोटोला साडेसहा मिनिटांच्या जवळपास. बहुतेक ॲप इतका वेळ थांबतच नाहीत, अर्ध्यात सोडून देतात आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायला लावतात. ई-पीक पाहणीचा फोटो, रोजगार हमीच्या कामावरची हजेरी, अंगणवाडीच्या नोंदी, पीक विम्यासाठी नुकसान कळवणे, ही सगळी कामे वरच्या दिशेने डेटा पाठवायची आहेत. २०२५-२६ च्या हंगामापासून सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) केंद्रावर हमीभावाने कापूस द्यायचा तर ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी करून स्लॉट, म्हणजे माल आणायची ठरलेली वेळ, घ्यावा लागतो. लांब धाग्याच्या कापसाचा त्या हंगामाचा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल. स्लॉट हुकला की माल खाजगीत जातो, आणि क्विंटलमागे जो फरक पडतो तो आमच्या पट्ट्यात घरटी समजतो.

आता समजा, डेटा संपल्यावर सगळे ६४ केबीपीएसवर आले, पण कंपनीने करार केलेले एक व्हिडिओ ॲप मात्र पूर्ण वेगाने आणि फुकट चालू राहिले. माणूस तेच पाहत बसेल, यात त्याचा दोष नाही. मात्र त्याच वेळी त्याच सेक्टरवर दुसऱ्या कुणाचा सातबारा उतरत नसेल, कारण फुकट ॲपने टॉवर भरून टाकला. फुकट मिळणाऱ्या डेटालाही टॉवरचा वेळ लागतोच. आणि जळगाव जामोदच्या एखाद्या पोराने तुरीच्या भावाचे छोटे ॲप बनवले, तर त्याला त्या फुकटच्या यादीत कोण घेणार? निवडक संकेतस्थळे फुकट देणारी फेसबुकची ‘फ्री बेसिक्स’ योजना २०१६ च्या नियमानंतर तीन दिवसांत देशातून मागे घेतली गेली. खेड्यातल्या माणसाचे नुकसान होईल असे तेव्हा म्हटले गेले. पण नंतर खेड्यात नेट वाढले ते डेटा सगळ्यासाठी स्वस्त झाल्यामुळे, निवडक ॲप फुकट मिळाल्यामुळे नव्हे.

खरोखर फुकट द्यायचेच असेल तर वाट आपणच दाखवली आहे. १९ डिसेंबर २०१६ च्या शिफारशींत ग्रामीण ग्राहकाला महिन्याला सुमारे १०० एमबी डेटा मोफत द्यावा, आणि खर्च सार्वत्रिक सेवा निधीतून व्हावा, असे आपण लिहिले होते. त्यात कोणते ॲप उघडायचे ते माणूस ठरवतो. १०० एमबी आता फारच कमी आहे, तो आकडा वाढवून ही शिफारस पुन्हा पाठवा. अंगावर वीज पडण्याचा इशारा, पुराचा इशारा, यांच्यासाठी वेगळी सवलत हवी असेल तर २०१६ च्या नियमातच तरतूद आहे : आणीबाणीच्या सेवांसाठी कंपनी दर कमी करू शकते, फक्त सात कामाच्या दिवसांत आपल्याला कळवायचे. म्हणजे नियम गरिबाच्या आड येत नाही.

त्याच नियमात एक फट आहे, ती मात्र बुजवायला हवी. बंद नेटवर्कवरून, म्हणजे इंटरनेटवर न जाता कंपनीच्या स्वतःच्या जाळ्यातून दिलेल्या सेवेला हा नियम लागू नाही. चुकवाचुकवीसाठी वापरली तरच लागू होतो. पण सिम, टॉवर, चित्रपटांचे ॲप, दुकान आणि पैसे पाठवायचे ॲप एकाच घरचे असेल, तेव्हा चुकवाचुकवी कुठे सुरू होते हे ठरवायचे कसे? कसोटी लिहून द्या. आमच्या मते ती सोपी आहे : तीच सेवा दुसऱ्या कंपनीच्या नेटवरूनही मिळत असेल, तर ती बंद नेटवर्कची सेवा नाही.

नेटवर्क फीबद्दल थोडक्यात. कंपन्या म्हणतात, मोठी व्हिडिओ ॲप आमच्या जाळ्यावर भार टाकतात, त्यांनी वाटा द्यावा. व्हिडिओ आपणहून येऊन टॉवरवर बसत नाही. ग्राहक बटण दाबतो तेव्हा तो येतो, आणि त्या एमबीचे पैसे ग्राहकाने रिचार्जमध्ये आधीच भरलेले असतात. दक्षिण कोरियात अशी फी आहे. तिथे ट्विच या व्हिडिओ सेवेने सप्टेंबर २०२२ मध्ये दर्जा ७२० वर उतरवला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये नेटवर्कच्या खर्चाचे कारण देऊन देशच सोडला. खेड्यात टॉवर परवडत नाही हे म्हणणे मात्र आम्ही उडवून लावत नाही. जंगलात डिझेल पोचवणे, बॅटरी चोरीला जाणे, रस्त्याच्या कामात जेसीबीने केबल तोडणे, हे खर्च खरे आहेत. त्यासाठी कंपन्यांच्या समायोजित उत्पन्नाच्या पाच टक्के रक्कम आधीच वेगळी घेतली जाते. तोच वर सांगितलेला सार्वत्रिक सेवा निधी, आता डिजिटल भारत निधी या नावाने चालतो. विदर्भात त्यातले किती कुठल्या तालुक्यात खर्च झाले, ते आधी मांडा. फीची चर्चा त्यानंतर करता येईल.

निवडक बंदीचा विषय जुलै २०२३ च्या आपल्या सल्लापत्रात होता. दंगलीच्या वेळी सगळे नेट बंद करण्यापेक्षा दोन-चार ॲपच बंद करावीत, असा विचार. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावती शहरात नेट बंद होते तेव्हा व्यवहार कसे ठप्प झाले ते जिल्ह्याने पाहिले आहे, त्यामुळे हा विचार ऐकायला बरा वाटतो. पण तो करायचा कसा? ॲपचा मजकूर कुलूपबंद असतो. कंपनीला फक्त कुठल्या पत्त्यावर जायचे आहे ते दिसते, आणि जोडणी सुरू होताना पुकारलेले संकेतस्थळाचे नाव दिसते. ते नाव वाचून अडवायचे, तर वाहतुकीच्या वाटेवर प्रत्येक जोडणी तपासणारे यंत्र बसवावे लागते. ते एकदा बसले की बंदी उठल्यावर काढले जात नाही. ज्या यंत्राने ॲप अडवता येते, त्याच यंत्राने ते मंद करता येते आणि त्याचे वेगळे बिलही करता येते. कारण कितीही चांगले असो, हे यंत्र नेटवर्कमध्ये सक्तीने बसवायला लावू नका.

आता मोजण्याचा मुद्दा. या पत्रातली ही मुख्य मागणी आहे.

आपली ड्राइव्ह टेस्टची गाडी शहरांतून आणि महामार्गांवरून जाते आणि एकूण वेग मोजते. २०२४ च्या सेवा-दर्जा नियमांमुळे कंपन्यांना रेंजचे नकाशे संकेतस्थळावर टाकावे लागले, ते चांगलेच झाले. पण नकाशावर रंग आहे म्हणून पांदणीच्या टोकाला एखादे ॲप मंद केले जात नाही, असे त्यातून कळत नाही. समानतेची चाचणी वेगळी असते. अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठात तयार झालेले ‘Wehe’ नावाचे ॲप ती करते : एखाद्या प्रसिद्ध ॲपची नोंदवलेली वाहतूक जशीच्या तशी पाठवते, मग तीच वाहतूक ओळखू येणार नाही अशी करून पुन्हा पाठवते. ओळख लपवल्यावर वेग ठळकपणे वाढला, तर वाटेत कुणीतरी ओळख पाहून मंद करत आहे. आपल्या वेग मोजणाऱ्या मायस्पीड ॲपमध्ये हीच चाचणी घाला, मराठीत घाला, आणि चाचणीला लागलेला डेटा ग्राहकाच्या पॅकमधून कापू नका.

तोपर्यंत गावात चाचणी कशी करायची, ती पद्धत आम्ही इथे देतो. तलाठी कार्यालयातला किंवा ग्रामपंचायतीतला कुणीही ती करू शकेल.

वायफाय आणि व्हीपीएन (कंपनीपासून वाहतुकीची ओळख लपवणारी सोय) बंद करा. पॅकमध्ये डेटा शिल्लक आहे याची आधी खात्री करा, कारण डेटा संपल्याने आलेला ६४ केबीपीएस हेच सर्वात जास्त वेळा भेदभाव समजले जाते. एकाच जागी उभे राहा. चालत्या एसटीत केलेली चाचणी काही कामाची नाही, कारण सेक्टर बदलत राहतो. सकाळी सहाला तीन वेळा आणि रात्री नऊला तीन वेळा, असे किमान तीन दिवस करा. रात्री सगळेच मंद आणि सकाळी सगळेच वेगात असेल, तर ती गर्दी आहे. सकाळी सहाला रान मोकळे असतानाही एकच ॲप मंद असेल, तर संशयाला जागा आहे.

संशय आल्यावर तेच ॲप ग्रामपंचायतीच्या भारतनेट (सरकारी योजनेच्या) फायबरवर उघडून पाहा. तिथेही अडकत असेल तर दोष ॲपच्या सर्व्हरचा. ई-पीक पाहणीची मुदत संपत येते त्या दिवसांत असेच होते, सारे शिवार एकाच दिवशी त्या दारात उभे असते. फायबरवर तपासताना पेटीवरचा लाल दिवा विझलेला आहे ना ते पाहा, आणि येणाऱ्या प्रकाशाची पातळी उणे २७ डीबीएमच्या (प्रकाशाची ताकद मोजायचे माप) खाली गेलेली नसावी. तशी असेल तर कुठेतरी जोड खराब आहे किंवा केबल वाकली आहे, आणि मग तुलना खोटी ठरते. शेवटी मोबाइल नेटवर व्हीपीएन चालू करून पाहा. व्हीपीएनने वेग थोडा कमीच व्हायला हवा. तो उलट वाढला, आणि तीन दिवस वाढत राहिला, तर पडद्याचे फोटो तारीख, वेळ, कंपनी आणि गावाच्या नावासह जपून ठेवा. संकेतस्थळ अजिबात उघडतच नसेल, तर ते सरकारी आदेशाने बंद आहे का ते आधी पाहा; तो विषय वेगळा.

एवढे करून तक्रार द्यायची कुठे? इथे घोडे अडते. ग्राहक १९८ वर फोन करतो. तक्रार ‘नेट स्लो’ या खणात पडते, क्रमांक मिळतो, दोन दिवसांत ‘तुमच्या भागात नेटवर्क ठीक आहे’ असा संदेश येतो आणि तक्रार बंद होते. समाधान नसेल तर ३० दिवसांत कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे अपील करता येते, हे खेड्यात जवळपास कुणालाच माहीत नाही. आपण वैयक्तिक तक्रारी घेत नाही, कायदा तसा आहे, ते आम्ही समजतो. पण भेदभावाच्या तक्रारीसाठी वेगळा खण करायला लावणे आपल्या हातात आहे. त्या खणातली तक्रार चाचणीच्या नोंदीसह दूरसंचार विभागाच्या नागपूर-मुंबईतल्या कार्यालयांपर्यंत आपोआप जावी. आणि ‘नेटवर्क ठीक आहे’ हे उत्तर त्या खणासाठी चालू नये. त्या सेक्टरवर त्या वेळी वाहतुकीचे कोणते नियंत्रण चालू होते, ते कंपनीने लिहून द्यावे. वाहतुकीचे नियंत्रण प्रमाणात, तात्पुरते आणि उघड असावे, हे २०१७ पासून आपणच म्हणत आला आहात.

२२ सप्टेंबर २०२० रोजी आपण देखरेखीसाठी सर्व संबंधितांची मिळून एक संस्था करावी, अशी शिफारस केली. ती कुठवर आली हे दूरसंचार विभागाने जाहीर करावे. संस्था होईल तेव्हा तिच्यात फक्त कंपन्या आणि दिल्ली-बंगळुरूचे जाणकार नकोत. ग्रामपंचायतींचा आणि आपले सरकार केंद्रांचा प्रतिनिधी हवा, आणि जिथे एकाच कंपनीची रेंज आहे अशा गावांची चाचणी आधी व्हावी. निकाल जिल्ह्यानुसार मराठीत छापा. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ते वाचून दाखवता येतील.

कापसाची खरेदी दिवाळीच्या आसपास सुरू होते. त्याआधी तक्रारीचा खण आणि मायस्पीडमधली चाचणी एवढ्या दोन गोष्टी झाल्या, तरी येत्या हंगामात स्लॉट कुणाच्या नेटमुळे हुकला, कुणाच्या सर्व्हरमुळे हुकला आणि कुणाच्या अडवणुकीमुळे हुकला, हे वेगवेगळे सांगता येईल. चाचण्यांसाठी गावे, फोन आणि माणसे द्यायला आम्ही तयार आहोत.

आपले,
विदर्भाच्या खेड्यांतील सेवा केंद्रचालक, फायबर जोडणारे आणि टॉवर तंत्रज्ञ